दोन आणि चार

सराफ्यात सोन्याची शटरं पडली
की त्याच ओट्यांवर कढया चढतात.
गराडूवर पोरगं जिरावन भुरभुरवत होतं,
आणि झोकरकर म्हणाला, "बॉनहॅम. विषय संपला."

तीस वर्षं झाली, हा विषय संपतोय.

किबेला बॉनहॅम नको, त्याला पर्ट हवा.
"सात मात्रांत घर बांधतो रे माणूस,
आणि खिडक्यासुद्धा ओळंब्यात."
झोकरकर म्हणाला, घर तुला ठेव,
मला तो उजवा पाय दे.
एकच पाय, एकच पेडल,
आणि ऐकू येतो दौडत आलेला अख्खा घोडा.

मी मधेच कीथ मूनचं नाव टाकलं,
खरं तर भांडण पेटावं म्हणून.
"तो वाजवत नव्हता भिया, जिन्यावरून पडत होता."
"पण पडता पडता समेवर यायचा."
"कधी कधी."
"अरे, कधी कधी येणं हेच तर..."
वगैरे.
स्टीलच्या बाकावर चमचे आपटले, द्रोण कलंडला,
शेजारी मालपुवा खाणाऱ्या बाईंनी
आपलं पोर पलीकडे ओढलं.
तिघेही पन्नाशीपार. एकाच्या छातीत स्टेंट.

गिरी मुंगी गप्प होता.
आमच्यातला ड्रमर तो एकटाच.
लोकमान्यनगरात, भाड्याच्या घराची मागची खोली,
बेस ड्रम एका बँडवाल्यानं मोडीत काढलेला,
त्यावरचं "न्यू शालीमार" गिरीनं ब्लेडनं खरवडलं
आणि कंटाळून सोडलं, तेव्हा उरलं होतं
नुसतं "मार".
स्नेअरखाली सायकलच्या ब्रेकच्या तारा.
त्यावर आम्ही दोन कार्यक्रम केले. दुसऱ्यात वीज गेली.
पुढे तो वीज मंडळातच चिकटला,
ह्यावर आम्ही अजून हसतो.

"तू बोल," किबे म्हणाला. "तुझं धरू."
गिरीनं तेलकट बोटं द्रोणाच्या काठाला पुसली.
"पोतनीस."

"कोण?"

"भिंतीपलीकडचे."

हुकुमचंद मिलच्या हिशेबखात्यातले पोतनीस.
मिल बंद पडली, तेव्हापासून दिवसभर घरी.
इकडे काठी पडली की तिकडून मूठ : बंद कर.
पहिला आठवडा नुसता संताप,
कुठेही पडायचा.
मग तो संताप जागेवर पडू लागला.

"दोनवर आणि चारवर," गिरी म्हणाला.
"केसभर उशिरा. तेवढाच उशीर, रोज.
ते शिकवून येत नाही.
मी लय वाढवली, ते आले.
अर्ध्यावर आणली. थांबले. आले.
एकदा मी सबंध आवर्तन रिकामं सोडलं
तर शेवटी पलीकडून एक टिण्ण.
वाटी असावी. किंवा चष्म्याची डबी."

जिन्यात भेटले की म्हणायचे,
"तुमच्या वडिलांच्या कानावर घालावं लागेल."
घातलं कधीच नाही.

"मग?"
"मग देवासला गेले मुलाकडे.
त्या खोलीत शिवणक्लास लागला."

कढईत पुढचा घाणा पडला.
मिनिटभर किबे पर्टबद्दल काही बोलला नाही.
मग बोललाच.
झोकरकर म्हणाला, ते सगळं ठीक,
पण पोतनीसांचा सोलो कुठे आहे?
आणि मी, ज्याला खरं तर घरी जायचं होतं,
उठून उभा राहिलो, म्हणालो, सोलोवर ड्रमर ठरतो का,
सोलोवर ठरतो का ड्रमर,
आणि पलीकडच्या पानवाल्यानं मान वळवून पाहिलं.

गिरी रिकाम्या द्रोणावर
गराडूच्या काडीनं वाजवत होता,
एक,
तीन,
एक,
तीन,
मधल्या जागा मोकळ्या ठेवून.